चाँदभाई कल्हईवाल्याचं कौन्सिल

चाँदभाई कल्हईवाल्याकडं भांडं नेलं की तो आधी भांड्याकडं बघत नसे. आणणाऱ्याकडं बघून विचारी, "कोन्या बाजूला बसता?"

अंबडच्या कोर्टामागं एक मोठा लिंब होता, त्याच्या सावलीत चाँदभाईची भट्टी. भट्टीच्या उजवीकडं एक तरट, डावीकडं एक तरट. ज्याला सगळं ठीक वाटतं त्यानं उजवीकडं बसायचं, ज्याची तक्रार आहे त्यानं डावीकडं. मधे उभं राहायला परवानगी नव्हती. दहाबारा बाया आपापली पातेली घेऊन बसल्या की चाँदभाई चिमटा रिकाम्या थाळीवर तीनदा वाजवी आणि म्हणे, "इजलास सुरू." त्यानंतरच भात्याला हात लावी.

मी सखाराम. केदारखेड्याहून डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन निघालो आणि अंबडच्या पेठेत स्वतःचं दुकान काढलं. त्यात बापाची दमडी नाही. कल्हईला लागणारं कथील आणि नवसागर चाँदभाई माझ्याकडूनच नेई. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी त्या माणसाबद्दल चार शब्द बरे बोललो, तर आमचं भांडण मिटलं असं कुणी समजू नये. ते मिटलेलं नाही.

कौन्सिलचा नाद त्याला हैदराबादेत लागला. एका जहागीरदाराच्या घरी लग्न होतं, तिथल्या देगांना कल्हई करायला तो गेला होता. काम संपल्यावर ओळखीच्या चपराश्यानं त्याला सरकारी कौन्सिलच्या दालनात मागं उभं केलं. त्या दिवशी करोडगिरीवर बोलणं चाललं होतं. बाहेरच्या मुलखातून येणाऱ्या मालावर निजाम सरकार जी जकात घेई, तिला करोडगिरी म्हणत. एक मेंबर म्हणाला, जकात वाढवली तर छोटा दुकानदार मरेल. दुसरा म्हणाला, दुकानदार कशाला मरतो, तो ती गिऱ्हाइकाच्या मानेवर टाकील. तिसरा म्हणाला, मग गिऱ्हाईक मरेल.

"दोन तास भांडले, शेठ," चाँदभाई सांगे, "पन कुनी कुनाची गचांडी धरली न्हाई. आपल्याकडं आडावर एवढं भांडन झालं असतं तर चार डोकी फुटली असती. हे समदे मिळून चहा प्यायला गेले."

"आन जकातीचं काय झालं?"

"वाढली की. बराबर हाय. तिथं दुकानदार बी नव्हता, गिऱ्हाईक बी नव्हतं."

ती उणीव भरून काढायला त्यानं आपलं कौन्सिल काढलं. बाया गिऱ्हाईक, तो दुकानदार, आणि सदर, म्हणजे अध्यक्षही तोच. ठरावाला तो 'तजवीज' म्हणे, दुरुस्तीला 'तरमीम', हरकतीला 'एतराज'. हे शब्द अंबडच्या घराघरांत गेले. सुनेनं आमटीत तिखट जास्त टाकलं तर सासू 'एतराज' म्हणू लागली. तहसीलचा पेशकार, म्हणजे तहसीलदाराचा कारकून, एकदा स्वतः लोटा घेऊन आला आणि म्हणाला, "जल्दी कर." चाँदभाईनं चिमटा खाली ठेवला. "साहेब, जल्दीची तजवीज मांडा. कुनी दुजोरा देतं का बघू." कुणी दिला नाही. पेशकार दुपारपर्यंत डाव्या तरटावर, दोन बायांच्या मधे, लोटा मांडीवर घेऊन बसून राहिला.

नियम बरेच होते. सदरनं हात वर करायचा नाही, फक्त बरोबरी झाली तर आपलं मत द्यायचं. आणि कमीत कमी तीन माणसं हवीत. त्याला तो कोरम म्हणे. संध्याकाळी बाया उठल्या तरी तो भट्टी विझवायला घाई करत नसे. मी एकदा म्हणालो, "घरी जा ना आता." तर म्हणाला, "घरी कोरम होत न्हाई, शेठ. मी एकटाच हाय."

मला तेव्हा हसू आलं. माणूस कुठंही कौन्सिलचं घोडं दामटतो, एवढंच वाटलं.

मग एका साली करोडगिरी खरोखरच वाढली. जालन्याच्या स्टेशनावर नाका होता. तिथं कथिलावर जादा जकात भरावी लागते ही बातमी आली आणि मी त्याच दिवशी भाव चढवला. चाँदभाई कथील न घेता परत गेला. बाजाराच्या दिवशी मला कौन्सिलपुढं बोलावणं आलं.

मी गेलो. मी कुणाला भीत नाही. जकात सरकारनं वाढवली, मी नाही, असं मी स्वच्छ सांगितलं. डाव्या तरटावर गंगाकाकू बसली होती. कोर्टात तारखेला येणाऱ्या लोकांसाठी ती खानावळ चालवी, म्हणून सगळ्यांत मोठी पातेली तिची.

"शेठ," ती म्हणाली, "जकात कवा वाढली?"

"परवा."

"आन तुमच्या माडीवरचं कथील कवाचं हाय? पोळ्याच्या आधी बैलगाडीतून उतरवताना मी बघून राह्यले होते. त्या कथिलानं नाक्यावर जुनीच जकात भरली ना? मंग ते माडीवर बसल्या बसल्या महाग कसं झालं?"

बाया हसल्या. पेशकार हसला. तो आता सवयीनं यायला लागला होता.

मी म्हणालो, पुढचा माल महाग आणायचा तर आजच्या मालातून तजवीज करावी लागते, व्यापार असाच चालतो. आजही मी हेच म्हणतो. हे ज्याला पटत नाही त्यानं डोक्यावर पाटी घेऊन केदारखेड्याहून निघून दाखवावं. पण तिथं हात मोजायचे होते. माझ्या बाजूनं माझा एक हात. "नामंजूर," चाँदभाई म्हणाला. "जुनं कथील जुन्या भावानं."

"तुझं कौन्सिल माझ्या दुकानात चालत न्हाई," मी म्हणालो आणि निघून आलो.

तीन बाजार अंबडच्या एकाही बाईनं माझ्याकडून साधी पळी घेतली नाही. चौथ्या बाजारी मी जुन्या भावानं कथील दिलं. माझं दुःख पैशाचं नव्हतं. मला पूर्ण बोलू दिलं, सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग मला चूक ठरवलं, हे दुःख होतं. बोलू दिलं नसतं तर निदान अन्याय झाला असं म्हणता आलं असतं.

जुनं कथील संपलं. नवं खरंच महाग आलं. आता पाळी चाँदभाईची होती. त्यानं तजवीज मांडली, पातेल्याच्या कल्हईला दोन पैशांऐवजी तीन घ्यावेत. मी मुद्दाम बघायला गेलो. मला वाटलं, आता कळेल याला. दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. गंगाकाकूनं मान्य केलं की दोन पैशांत त्याला परवडत नाही, आणि हेही सांगितलं की खानावळीचं ताट तिला महाग करता येत नाही, लोक आधीच कोर्टाच्या खर्चानं पिचलेले असतात. हात मोजले. सहा आणि सहा. बरोबरी.

चाँदभाईनं दोन्ही तरटांकडं पाहिलं आणि आपलं मत स्वतःच्याच तजविजीविरुद्ध टाकलं. "नामंजूर," म्हणाला आणि भाता ओढू लागला.

मला राहवलं नाही. "येडा झाला का तू? स्वतःच्या पोटावर पाय देऊन राह्यला."

"शेठ, मधे उभं ऱ्हायला परवानगी न्हाई."

पुढं काय होणार ते दिसतच होतं. कथील पातळ लावावं तर तो लावेना. भांड्यात तोंड दिसलं नाही तर फुकट पुन्हा करून देई. दोन बकऱ्या होत्या, त्या गेल्या. भात्याचं कातडं फाटलं त्याला ठिगळ लागलं. असंच चाललं असतं तर दिवाळीच्या आत भट्टी बंद.

बाजार नसलेल्या एका दुपारी मी त्याला चांगलं खडसवायचं ठरवून लिंबाखाली गेलो. भट्टी थंड होती. एकही भांडं नव्हतं. पण दोन्ही तरटं झटकून, सरळ अंथरून ठेवलेली होती आणि चाँदभाई मधे बसला होता.

"आज कुनी येनार न्हाई, मंग तरटं कशाला?"

"असू द्या. बरं वाटतं."

मी खाली बसलो. उजव्या तरटावर की डाव्या, ते त्यानं विचारलं नाही.

"तीन पैसे का नाही होऊ दिले, चाँदभाई? सहा हात तुझ्या बाजूनं होते. सातवा तुझाच होता."

तो चिमट्यानं राख सारखी करत राहिला. मग म्हणाला, "दोन पैसे हायत म्हनून बाया साली दोनदा येतात, शेठ. तीन झाले की एकदाच येतील. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट करनार न्हाईत, तसंच भागवतील." चिमटा थाळीवर ठेवून म्हणाला, "मंग बाकीचे दिवस मी कुनाशी भांडू?"

मी उठून आलो.

पुढच्या बाजारी मी दुकानातलं एक कोरं पातेलं उचललं आणि डाव्या तरटावर जाऊन बसलो. चिमटा वाजला. मी तजवीज मांडली: करोडगिरी वाढली त्या वेळी सखाराम बरोबर होता, असं कौन्सिलनं मंजूर करावं. या विषयाचा निकाल माझ्या बाजूनं लागेपर्यंत चाँदभाईला कथील जुन्या भावानं मिळेल.

गंगाकाकूनं माझ्याकडं नीट पाहिलं. "म्हंजी आमी नामंजूर करत ऱ्हायलो तर कथील सस्तं ऱ्हानार?"

"हो."

"मंग आमी मंजूर कशाला करू?"

"नका करू."

हात मोजले. माझ्या बाजूनं एक हात माझा. दुसरा चाँदभाईचा.

"एतराज," गंगाकाकू म्हणाली. "सदरला हात न्हाई."

"एतराज बराबर हाय," चाँदभाई म्हणाला. पण हात त्यानं खाली घेतला नाही.

तजवीज पडली. त्यानंतर कित्येक वर्षं मी दर बाजारी तीच तजवीज मांडली, ती दर बाजारी पडली, आणि दर बाजारी दोन हात वर राहिले. माझ्या त्या पातेल्याला अंबडमधल्या कुठल्याही भांड्यापेक्षा जास्त वेळा कल्हई झाली आहे.

एका साली महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस आणि बाजार एकाच दिवशी आले. एकही बाई येणं शक्य नव्हतं. मी पातेलं घेऊन गेलो. दोन्ही तरटं अंथरलेली होती. मी डावीकडं बसलो. त्यानं चिमटा वाजवला.

"चाँदभाई," मी म्हणालो, "आज विरोधात कुनी न्हाई. दोन हात तर आपलेच हायत. आज मंजूर कर."

त्यानं दोन्ही तरटांवर नजर फिरवली. कोर्टाच्या ओट्यावर पेशकार सुपारी कातरत बसला होता. हाक मारली असती तर तिसरा माणूस झाला असता. मी हाक मारली नाही. त्यानंही मारली नाही.

"कोरम न्हाई, शेठ," चाँदभाई म्हणाला आणि माझं पातेलं भट्टीवर धरलं. "पुढल्या बाजारी या."