मुठीवरून सरकार

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले लिमये काका निवडणुकीचा निकाल कोथिंबिरीवरून सांगायचे. टीव्हीवर टाय लावलेली माणसं आलेख दाखवून घसा कोरडा करत असायची, तेव्हा काका मंडईतून आलेली पिशवी ओट्यावर पालथी करायचे, भाजीवर फुकट पडलेल्या कोथिंबिरीकडे चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, "झालं. हे सरकार जातंय. बंद करा तो टीव्ही."

त्यांचं शास्त्र सोपं होतं. पावशेर घेवडा घ्यावा. कोथिंबीर मागू नये. भाजीवाली हौसाबाई आपणहून काय टाकते ते बघावं. भरगच्च मूठ पडली तर लोकांना परवडतंय, सत्ता कायम. चार काड्या पडल्या तर काठावर. नुसता कढीपत्ता पडला तर त्रिशंकू. काहीच पडलं नाही तर पालट. "पुढारी काय बोलतो ते बघू नका. मूठ बघा, मूठ!" हे त्यांचं पालुपद. मागितलेली कोथिंबीर त्यांना पुरावा म्हणून चालत नसे. "मागून मिळते ती भीक. आपणहून पडते ती अर्थव्यवस्था."

काकांनी आयुष्यभर वीजमीटर तपासले, त्यामुळे माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. मी वाघोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. एकदा मी विचारलं, "काका, एका हौसाबाईवरून अख्ख्या शहराचं कसं ठरवता?"

"वृंदाताई, रक्त तपासायला देता तेव्हा सगळं काढून देता का?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

वैताग असा की त्यांचे निकाल बरोबर यायचे. एकदा नाही, दरवेळी. पेपरवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे विचारायचे, "काका, मूठ काय म्हणते?" भाजी मात्र मालतीकाकू आणायच्या. काका त्यांना मंडईत पाठवायचे आणि घरी वाट बघत बसायचे. काकूंना निकाल लागेपर्यंत चटणी वाटायची सोय नसे. "तुमचं सरकार बसलं असेल तर मी मिक्सर लावू का?" असा त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा.

दोन वर्षांपूर्वी मालतीकाकू गेल्या. मुलगी बंगळूरला. काकांकडची बेल वाजेनाशी झाली. ते स्वतः मंडईत जाऊ लागले, पावशेर घेवडा आणू लागले, पण त्यावर बोलायला कोणी नव्हतं. मग निवडणूक जवळ आली आणि बेल पुन्हा वाजायला लागली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मीही काही काम नसताना दोनदा मूठ विचारायला गेले.

या खेपेला महागाईने सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. तेल, तूरडाळ, गॅस, शाळेची फी, काय विचारू नका. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरूनही कधी एकमत झालं नाही, पण आमच्या भागाचे सत्ताधारी आमदार, भाऊ, या वेळी पडणार यावर झालं. एकटे काका ठाम. "मूठ भरलेली आहे. महागाई तुमच्या तोंडात आहे, मंडईत नाही."

भाऊ प्रचाराला आले तेव्हा काकांनी जाळीचं दार न उघडता सांगितलं, "चपला बाहेर. घोषणाही बाहेरच."

भाऊंनी हात जोडले. "काका, आशीर्वाद असू द्या. मूठ काय म्हणते?"

"येताय निवडून. पण त्यात तुमचं कर्तृत्व नाही, हौसाबाईचं आहे."

भाऊ इतके खूश झाले की शेवटच्या दोन पदयात्रा रद्द करून त्यांनी पेढ्यांची ऑर्डर दिली. इकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी काकांना डिवचलं. काका उठून उभे राहिले. "भाऊ पडले तर हा लिमये राजकारणावर पुन्हा एक अक्षर बोलणार नाही."

नारायण पेठेत ही प्रतिज्ञा म्हणजे जवळजवळ संन्यासच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. काका बोलले नाहीत तर त्यांची बेल वाजवायला येणार कोण?

भाऊ पडले. नुसते पडले नाहीत, आपटले. संध्याकाळी त्यांचा एक कार्यकर्ता जिन्यात आला, काकांच्या दाराकडे खाऊ की गिळू असं बघितलं आणि निघून गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी दाराला कोथिंबिरीची जुडी बांधली. मी ती सोडली आणि पोरांना चांगलं झापलं.

आठवडाभर काकांकडे कोणी फिरकलं नाही. मग रविवारी सकाळी माझीच बेल वाजली. काका दारात, हातात पिशवी.

"वृंदाताई, राजकारणावर बोलत नाहीये. हा शास्त्राचा प्रश्न आहे. नमुन्यात गडबड आहे. तुम्ही प्रयोगशाळेतल्या, साक्षीला चला."

मंडईत त्यांनी मला पुढे पाठवलं आणि स्वतः एका खांबाआड उभे राहिले. मी पावशेर घेवडा घेतला. हौसाबाईंनी तो पिशवीत ओतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. कोथिंबीर नाही, कढीपत्ता नाही, काही नाही. मी न राहवून विचारलंच.

"जुडी इकत हाय, ताई. फुकट द्यायचं दिस गेलं. आमालाच परवडंना."

मग काका पुढे झाले. तोच घेवडा, तेवढाच. हौसाबाईंनी न बोलता वर भरगच्च मूठ टाकली.

"हे मला का?" काकांचा आवाज चढला. "यांना नाही, आणि मला का?"

"आता काय सांगू?" हौसाबाई संकोचल्या. "तुमी पावशेर घेवडा घेता आन् पिशवी धरून मुठीकडं बघत हुबं ऱ्हाता. बोलत न्हाई, मागत न्हाई. मला वाटलं, मानसाला लाज वाटती मागायची. येकटा जीव. म्हनून टाकते."

काकांचा चेहरा बघवेना. पण मीटर तपासणारा माणूस, अर्धवट सोडणार नाही. "आणि मालती यायची तेव्हा? तेव्हाही असंच?"

"त्यांच्यापुढं काय बिशाद हाय!" हौसाबाई एकदम हसल्या. "मी जरा जास्त घालाय लागले की हात धरायच्या. म्हनायच्या, 'हौसा, परवडत असंल तरच घाल. आमच्या मानसाचं मन राखायला घालू नकोस. तो घरी बसून ह्याच्यावरनं सरकार ठरवतो, त्याचं चुकायला नको.' आता नको म्हनायला त्या न्हाईत. मग मी घालते."

काकांनी पिशवीतली कोथिंबीर हातात घेतली आणि नुसती धरून ठेवली. इतकी वर्षं काकू त्यांच्या शास्त्राची टर उडवत आल्या, असंच आम्हाला वाटायचं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी लिंबं बघायला पुढच्या गाळ्यावर गेले.

परत आले तेव्हा हौसाबाईंनी एक रिकामं खोकं उपडं करून दिलं होतं आणि काका त्यावर बसले होते. गिऱ्हाइकं त्यांच्या डोक्यावरून पैसे देत होती.

"निघायचं का, काका?" मी विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले, आणि हौसाबाईंकडे वळले. "बरं, आणि वांगी घेताना मालती काय म्हणायची?"