शर्टाचा डबा

अरविंद लग्नासाठी मुलीकडे फोटो पाठवत नसे, पत्रिका पाठवत नसे. तो शर्ट पाठवायचा. अंगातला, दोन दिवस घातलेला, न धुतलेला.

हसा, हसा. आमच्या अख्ख्या आळीनं हसून घेतलंय. पण अरविंद कोणी वेडगळ नव्हे हं. रत्नागिरीतल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा आणि मोठ्या बहिणीबरोबर, शालूआक्काबरोबर, आमच्या शेजारी राहायचा. उंच, किडकिडीत, काखेत कायम छत्री. उन्हातसुद्धा. चालणं असं, की पुढे एस.टी. सुटते आहे आणि ह्याला ती पकडायचीच आहे. आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली, की ती काढायला डोकंच काढावं लागेल.

कोकण रेल्वे नुकती धावायला लागली होती तेव्हाची गोष्ट. मी ओटीवर कोकमं निवडत बसले होते. हा आला, छत्री भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "काकी, लग्न करायचं ठरवलंय."

"अरे वा! पत्रिका दे, मी उद्याच चार ठिकाणी..."

"पत्रिका आकाशातली, काकी. जनुकं अंगातली."

मग त्यानं माझा तास घेतला. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण ऐकायला मला काहीही आवडतं. त्याचं म्हणणं असं. प्रत्येकाच्या अंगाला आपापला वास असतो, आणि तो थोडाफार जनुकांवरून ठरतो. जनुकं म्हणजे आईबापांकडून आलेला मसाला, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. ज्याचा मसाला आपल्याहून वेगळा, त्याचा वास आपल्याला बरा वाटतो. ज्याचा सारखा, त्याचा नको वाटतो. आणि वेगळ्या मसाल्यांची मुलं म्हणे दुखण्याला पुरून उरतात. कॉलेजात येणाऱ्या कुठल्याशा मासिकात त्यानं हे वाचलं होतं.

"बायकांचं नाक ह्यात फार तिखट, काकी. नाकाला फसवता येत नाही."

"म्हणजे मुलीनं तुझा शर्ट हुंगायचा?"

"हो."

"आणि तू? तू तिचा पदर हुंगणार की काय, मेल्या?"

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "छे, छे! माझं काही नाही. नाक मुलीचं."

आमच्या ह्यांनी आतून विचारलं, "हा बायको शोधतोय की परटीण?" पण अरविंद हसला नाही. तो लागला तयारीला.

तयारी म्हणजे काय विचारू नका. दोन दिवस साबण बंद, खोबरेल बंद, कांदा-लसूण बंद. मासेसुद्धा बंद, आणि तेही घरोघर बांगडे तळले जात असताना! आक्का बिचारी त्याला दहीभात वाढायची आणि स्वतःचा बांगडा स्वयंपाकघरात लपून खायची. खिडक्या घट्ट लावलेल्या, कारण पलीकडे हाजराभाभीच्या अंगणात सुकट वाळत घातलेली. त्या कुंपणावरून ओरडायच्या, "सर, खिडकी उघडा, गुदमराल! आणि माझ्या सुकटीचा वास लागलाच सदऱ्याला, तर तिच्याशीच लावून देईन तुमचं!"

शेवटी शर्ट स्टीलच्या डब्यात जायचा. झाकणाच्या कडेला मेणबत्तीचं मेण. मग डबा घेऊन कोणी जायचं? मीच.

पहिलं स्थळ इथलंच, मांडवीकडचं. मुलीच्या बापानं डबा घेतला, माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. चार दिवसांनी डबा परत. शर्ट धुतलेला, नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा! "घाईत मळका आला होता वाटतं," ते म्हणाले, "हिनं लगोलग धुऊन टाकला." अरविंद शर्टाकडे बघतच राहिला. "काकी, सगळी जनुकं साबणात गेली हो!"

दुसरं दापोलीचं. ते लांब, म्हणून डबा एस.टी.च्या कंडक्टरकडे दिला. परत आला तो मुलीच्या बापाच्या हातातून. आंब्याच्या कलमांचा धंदा होता त्यांचा. पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, जातबीत मलाही कळते. पण माझी मुलगी म्हणजे कलम नव्हे, कुठल्याही खुंटावर बांधून बघायला." मुलीपर्यंत डबा पोचलाच नव्हता. मेण तसंच होतं.

तिसरी मात्र धीट निघाली. माझ्या देखत झाकण काढलं, नाक आत घातलं आणि म्हणाली, "ई! नको." मी जड पायांनी घरी आले. ह्याला सांगायचं कसं? सांगितलं. तर गडी खूश!

"स्वतः म्हणाली? वडील नाही?"

"स्वतः. 'ई'सुद्धा स्वतःच म्हणाली."

"उत्तम!" म्हणाला आणि हात चोळत घरी गेला.

आता आमच्याकडे डबा रिकामा परत करायची रीत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. अरविंदचा डबा यायचा तो नुसता शर्टासकट, वर साखरेचा कण नाही. आक्का गुपचूप डबा घासून फडताळात ठेवायची. ते बघून एक दिवस माझं डोकं फिरलं. संध्याकाळी त्याला ओटीवर गाठला.

"बस झालं तुझं शास्त्र! सरळ चार मुली बघ, एक पसंत कर. जग करतं तसं."

तो छत्रीची मूठ फिरवायला लागला. मग म्हणाला, "काकी, आक्काला बघायला यायचे ते आठवतं?"

मला कसं आठवणार? मी ह्या आळीत त्यानंतर आले.

"चालून दाखव म्हणायचे. केस सोडून दाखव म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजात. पोहे मीच नेऊन द्यायचो. खायचे, हात पुसायचे, 'कळवतो' म्हणायचे. एक जण तर आक्काला मुळीच आवडला नव्हता. मला म्हणाली होती तसं. त्याचाही नकार आला आणि ही रडली. तुला तो आवडला का, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही." मग मूठ फिरायची थांबली. "मी कोणाच्या घरी पोहे खायला जाणार नाही, काकी. बघायचं तर मला बघा. नको म्हणायचं तर मला म्हणा."

"मग ते जनुकांचं?"

"असेल खरं, नसेलही. पण तुमच्या मुलीला विचारा म्हटलं, तर कुठला बाप ऐकतो? शास्त्र म्हटलं की ऐकतात."

"ऐकतात कुठे? शर्ट धुतात!"

तेव्हा कुठे तो हसला. पण दुसऱ्या दिवशी साबण पुन्हा बंद.

चौथा डबा मी सुलभाकडे नेला. मूळची मंडणगडकडची, इथं टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला, खोली घेऊन एकटी राहायची. माझ्याकडून कोकमं न्यायची, त्यातून ओळख. पस्तिशीची. तिचेही पुष्कळ पोहे करून झाले होते. मी सगळं सांगितलं, अगदी 'ई'सकट.

तिनं विचारलं, "म्हणजे ते बघायला येणार नाहीत?"

"नाही."

"मीच ठरवायचं?"

"तूच."

 तिनं हातातली पर्स बाजूला ठेवून दोन्ही हातांनी डबा घेतला. "थोडे दिवस राहू दे माझ्याकडे."

ते थोडे दिवस अरविंदनं कसे काढले, देवाला ठाऊक. रोज संध्याकाळी यायचा. कधी चमचाभर विरजण मागायला, कधी आमचं घड्याळ बरोबर आहे का बघायला. डब्याचं नाव काढायचा नाही. मीही काढायची नाही. जाताना मात्र फाटकाशी थांबून म्हणायचा, "घाई नाही हं, काकी. कोणी घाई करू नये."

रविवारी सकाळी सुलभा स्वतःच आली, डबा घेऊन. मी तिला अरविंदच्या ओटीवर नेलं. आक्का दाराआड उभी. अरविंद कॉलेजला निघाल्यासारखा छत्री काखेत मारून, रविवारी!

तिनं झाकण काढलं. आत शर्ट नव्हता. नारळाच्या वड्या होत्या, केशरी, काठोकाठ.

"शर्ट ठेवून घेतलाय," सुलभा म्हणाली. "चालेल ना?"

अरविंदनं छत्री ह्या काखेतून त्या काखेत घेतली. म्हणाला, "वास?"

"सुकटीचा येतो जरासा."

कुंपणापलीकडून हाजराभाभी ओरडल्या, "बघा! माझ्या सुकटीनं जमवलं!"

सगळे हसलो. अरविंद मात्र डबा घेऊन दाराशी गेला आणि आक्कापुढे धरला. "आक्का, तू सांग."

"मी? मी काय सांगायचं?"

"तू सांग."

आक्कानं हात पदराला पुसले. एक वडी घेतली आणि सावकाश खाल्ली. सुलभाला खालपासून वरपर्यंत बघितलं. सुलभाची मान नकळत खाली गेली, सवयच ती. आक्का चटकन पुढे झाली, हनुवटीला धरून तिची मान वर केली.

"साखर थोडी जास्त पडलीय," आक्का म्हणाली. मग दुसरी वडी उचलली. "पण मला पसंत आहे."

अरविंदनं छत्री उघडली आणि तिच्याआड तोंड करून उभा राहिला. तिथंच ओटीवर, छपराखाली.