मारोतकाकांनी बाहेर काढलेले नवरे

बायको सरपंच असेल, तर तिच्या शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसलेल्या नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढणं, हे आमच्या मारोतकाकांचं आवडतं काम. "नवरा हे पद घटनेत न्हाई," एवढं म्हणायचं आणि दाराला कडी घालायची. आत बाई घाबरलेली, बाहेर बाप्या खवळलेला आणि काका मात्र खुशीत.

मुदखेडजवळच्या आमच्या गावात ते माझे सख्खे शेजारी. ग्रामसभेला या, बोला, ठराव मांडा, हे लोकांना सांगायला त्यांनी संस्था काढली. कागदावर नावं पुष्कळ होती, पण फिरणारे आम्ही दोघंच. मी का, तर मोटारसायकल माझी होती. संस्था कशी वाढली असं आता लोक कौतुकानं विचारतात. माझी कंबर मोडून वाढली, दुसरं काय!

कुठल्याही गावात शिरलं की काका आधी विचारणार, सरपंच कोण? लोक एखाद्या कडक इस्त्रीवाल्याकडं बोट दाखवणार. मग काका त्यालाच विचारणार, की मतं तर तुमच्या मालकिणीला पडली, त्या कुठं हाईत? अशानं कैक गावांत आम्हाला साधा चहासुद्धा मिळाला नाही.

नायगावकडच्या एका गावात तर कहरच झाला. सरपंचबाईंच्या शेजारी एक माणूस रजिस्टर उघडून मोठ्या रुबाबात बोलत होता. काकांनी त्याला रजिस्टरासकट उचलला आणि बाहेर नेऊन सोडला. तो बिचारा "अहो, ऐका तरी" म्हणत दार वाजवत राहिला. तो निघाला ग्रामसेवक! खरा नवरा मागच्या रांगेत बसून गालातल्या गालात हसत होता. पण गंमत अशी, की रजिस्टर बाहेर गेल्यामुळं वाचून दाखवायला कुणी उरलंच नाही, आणि बाई स्वतःच बोलायला लागल्या. कुठल्या गल्लीत नळाला किती दिवस पाणी नाही, सगळं घडाघडा सांगितलं. नंतर काकांनी ग्रामसेवकाचे हात धरून माफी मागितली. पण बातमी पसरली. शेजारच्या गावच्या बायकांनी निरोप धाडला, आमच्याकडं बी या. असं करत करत काम पार चाकूरपर्यंत गेलं, लातुरात ऑफिस झालं, पगारी माणसं आली आणि माझी मोटारसायकल एकदाची सुटली.

एवढं होऊनही काकांचा जीव अडकला होता एकाच बाईत. आमच्या काकूंत. कारण काकू स्वतः पाच वर्षं सरपंच होत्या, आणि ती पाचही वर्षं खुर्चीत काका बसले. पहिल्याच सभेत काकू काहीतरी सांगायला उठल्या, तर हे म्हणाले, तू बस, मी सांगतो. चाकूरच्या स्टँडवर खाली मान घालून काकांनीच मला हे सांगितलं. आता गावात सभा असली की ते काकूंना चल म्हणून विनवायचे. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "तुमीच सांगा की. सवय हाय तुमाला."

गेल्या सभेला मात्र बचत गटाच्या बायकांनी काकूंना जवळजवळ ओढतच आणलं. त्या दिसल्या मात्र, काका ताडकन उठले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. मी त्यांच्या मागं गेलो. भिंतीला पाठ लावून उभे होते. "म्या असल्यावर ती बोलायची न्हाई," म्हणाले. मला खिडकीशी उभं केलं आणि दर मिनिटाला विचारायला लागले, उठली का?

बऱ्याच वेळानं काकू उठल्या. पदर सारखा केला. मी काकांकडं बघून मान डोलावली. काकांनी डोळे मिटून घेतले.

काकूंनी सगळीकडं एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "आमचे मालक कुठं हाईत? त्यान्ला आत बोलवा. मला त्यान्लाच आयकवायचं हाय."

काका आत आले, सगळ्यात मागं सतरंजीवर मांडी घालून बसले, आणि काकू बोलायला लागल्या.