तारामावशींच्या बाथरूममधलं लग्न

तारामावशींच्या घरात बाथटब होता, शॉवर होता, गरम पाणी हवं तेवढं होतं. फक्त आंघोळ करता येत नव्हती. टबमध्ये ऑर्किडं राहत होती. शॉवरच्या दांडीला नारळाची सोडणं तारेने बांधलेली होती आणि त्यांतून जांभळी, पांढरी, पिवळी फुलं लोंबत होती. मावशी स्वतः रोज सकाळी टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन कौन्सिलच्या स्विमिंग पूलवर जात, तिथल्या शॉवरखाली आंघोळ उरकत आणि परत येत. पाण्यात त्या एकदाही उतरल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोहायला कशाला? मी बेटावरची आहे. पाणी बघून झालंय माझं."

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास कंपनीने मला पुण्याहून वॉटफर्डला धाडलं, तेव्हा मी आणि माझी बायको अश्विनी त्यांच्या शेजारी राहायला आलो. सेमी-डिटॅच्ड घरं, मधली भिंत एकच. पहिल्या हिवाळ्यात आमच्या बेडरूमची ती भिंत कायम कोमट लागायची. मला वाटलं, इंग्रजी बांधकामात काही खुबी असेल. खुबी एवढीच होती की पलीकडे मावशींची बाथरूम होती, आणि साऱ्या घरात हीटिंग तेवढ्या एका खोलीत चालू असे. खाली बैठकीच्या खोलीत मावशी ओव्हरकोट आणि लोकरीची टोपी घालून बसत. पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे कोट काढले आणि मुकाट्याने पुन्हा घातले.

"मावशी, हीटिंग बिघडलंय का?" अश्विनीने विचारलं.

"चालू आहे. वर. पेशंटांना लागतं," त्या म्हणाल्या. "मला कोट आहे."

मावशी मॉरिशसच्या मराठी. पूर्ण नाव तारामती सखाराम. मी पुण्याचा असल्यामुळे आडनाव ऐकल्यावर 'मूळचे कुठले' हा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडला. "पणजोबा रत्नागिरीकडून जहाजाने उसाच्या मळ्यावर आले," मावशी म्हणाल्या. "साहेबाने विचारलं, बापाचं नाव काय? ते म्हणाले, सखाराम. झालं आडनाव. तुमचं कसं झालं?"

तरुणपणी त्या नर्सिंगसाठी इंग्लंडला आल्या आणि लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर लीड्स सोडलं, कारण तिथल्या घरात ऊन कमी यायचं आणि ऑर्किडं रुसून बसायची. माणसं मुलांच्या शाळेसाठी घर बदलतात, मावशींनी झाडांच्या खिडकीसाठी बदललं. एस्टेट एजंट मोठ्या उत्साहाने किचन दाखवू लागला तेव्हा त्याला थांबवून म्हणाल्या, "आधी बाथरूम. साउथ फेसिंग आहे का?"

नोकरी सुटली तरी वॉर्ड सुटला नव्हता. बाथरूमच्या दारावर व्हिजिटिंग अवर्सची पाटी होती. आत जाणाऱ्याने हात धुवायचे, सेंट लावायचं नाही, आणि एका झाडासमोर दुसऱ्याची स्तुती करायची नाही. "वाईट वाटतं त्यांना," मावशी हलक्या आवाजात बजावत. दचकल्या की त्यांच्या तोंडून 'आयो' निघायचं. आणि एखादी गोष्ट मनापासून पसंत पडली की त्या म्हणत, 'कोरेक'. हा बेटावरचा शब्द, अर्थ झकास असा काहीतरी. 'काहीतरी' एवढ्यासाठी की तो आम्हाला कधी मिळाला नव्हता. अश्विनीने दिवसभर खपून पुरणपोळ्या केल्या, मावशींनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अजून नाही." वेम्बलीहून मी पेटीभर आंबे आणले, तेही अजून नाही. मी इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास झालो तेव्हा मी पेढे घेऊन गेलो होतो. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तेच सांगितलं.

इथल्या लोकांच्या ऑर्किडप्रेमाविषयी त्यांचं मत बरं नव्हतं. "काचेत ठेवतात आणि लांबून बघतात. फूल आहे की आजारी राणी? आमच्या मोरीसला आंब्याच्या बुंध्याला बांधायचं. रविवारी केसात घालायचं, गणपतीच्या मखराला लावायचं, पाहुणा निघाला की त्याच्या हातात द्यायचं."

टबाच्या कोपऱ्यातून एक जाड हिरवी वेल निघून दांडीवर चढली होती आणि खिडकीला वळसा घालून पुन्हा खाली उतरली होती. फूल एक नाही. बरं बोलावं म्हणून मी म्हणालो, "मनीप्लांट छान वाढलाय."

"व्हॅनिला आहे तो."

"व्हॅनिला ऑर्किड असतो?"

"मग काय, आइस्क्रीम असतो?"

ती वेल त्यांच्या आईच्या ओट्यावरची. आई गेल्यावर मावशी बेटावर गेल्या होत्या. परतताना त्यांनी वेलीचा वीतभर तुकडा ओल्या रुमालात गुंडाळून आणला. पुढे ते घर विकलं गेलं आणि तिथली वेलही गेली. त्यांची आई एका मळेवाल्याच्या बागेत व्हॅनिलाच्या फुलांची लग्नं लावायची. मला वाटलं मावशी चेष्टा करतायत, पण खरोखरच तिकडे त्या कामाला लग्न लावणं म्हणतात. हे फूल सकाळी उमलतं आणि दुपारी सुकतं. त्याच्यावर बसेल अशी माशी त्या बेटांवर नाही. फुलात नवरा-नवरी अगदी शेजारी असतात, पण मध्ये एक पातळ पडदा. बांबूच्या काडीने पडदा उचलायचा, अंगठ्याने दोघांना टेकवायचं, की शेंग धरते.

"पडदा म्हणजे अंतरपाट," मावशी म्हणाल्या. "आई प्रत्येक फुलाला 'सावधान' म्हणायची. मालक हसायचा. पण तिने लावलेलं लग्न कधी मोडलं नाही. दर वर्षी मालक तिला एक शेंग द्यायचा. आई ती डब्यात ठेवून द्यायची."

इंग्लंडात आल्यापासून मात्र वेलीने फूल दाखवलं नव्हतं. गावातल्या गार्डन सोसायटीचा चेअरमन एकदा येऊन वेल पाहून गेला आणि जाताना म्हणाला, "माय डियर, बाथरूम म्हणजे बेट नव्हे." ते मावशींना फार लागलं होतं. "आईच्या वेलीची एक शेंग माझ्या हातून व्हायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "एकच. जास्त हाव नाही."

त्या वसंतात माझी आई पुण्याहून आमच्याकडे आली. तिला इथलं सगळं मानवलं, पण पूजेच्या फुलांचं काही जमेना. पुण्यात ती पहाटे आकडी घेऊन निघते आणि ओळीने सगळ्यांच्या कुंपणावरची फुलं काढते. देवासाठी काढलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, यावर तिचा ठाम विश्वास आहे. सुपरमार्केटमधली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं पाहून तिने तोंड फिरवलं. मावशींशी तिची लगेच गट्टी जमली, दोघी कोट घालून तासन्‌तास बोलत बसत.

अशातच वेलीला कळ्या आल्या. मावशींनी कोणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. बऱ्याच कळ्या पिवळ्या पडून गळल्या, दोन टिकल्या. एका शनिवारी पहाटे त्यांतली एक उमलायच्या बेतात दिसली. आता पारोशाने लग्न कसं लावायचं? त्यांनी आईला बोलावलं. "शैलजाताई, जरा वर बसा. मी आंघोळ करून येते. खिडकी उघडू नका," एवढंच बोलून त्या टॉवेल घेऊन पूलकडे गेल्या. बाकीचं नजरेच्या भीतीने पोटातच ठेवलं.

तासाभराने बेल वाजली. मी दार उघडलं. मावशी दारात, केस ओले, कोटाखाली रेशमी साडी. "शैलजाताई कुठे?" आई स्वयंपाकघरात पूजा करत होती. मावशी आत आल्या आणि देव्हाऱ्यासमोर थबकल्या. गणपतीच्या डोक्यावर एक बारकं, फिकट हिरवं फूल होतं.

"या ना," आई म्हणाली. "तुमच्या वेलीवरचं घेतलं हं एक. ती मोठी जांभळी होती, त्यांना मी बोटसुद्धा लावलं नाही. मेहनत कळते मला. हे आपलं बारकंसं होतं, कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"आयो," मावशी म्हणाल्या, अगदी हळू. मग खुर्चीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

ते फूल कोणतं हे मला आणि अश्विनीला कळून चुकलं. मी आईला वेलीची सगळी गोष्ट सांगितली. इतकी वर्षं लोकांची फुलं काढणाऱ्या माझ्या आईने पहिल्यांदाच देवाच्या डोक्यावरचं फूल परत घ्यायला हात पुढे केला. मला दोघींकडेही बघवेना.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "वाहिलेलं परत घेत नाहीत. तोडलेल्या फुलाला शेंगही धरत नाही." मग म्हणाल्या, "अजून एक कळी आहे. शेवटची. उद्या उमलेल. सगळे या. गुपित ठेवून काय झालं ते बघितलं मी."

त्यानंतर आईने लग्नाचा ताबा घेतला. "आंघोळ आमच्याकडे," तिने फर्मान काढलं. "लग्नघरातलं माणूस कौन्सिलच्या तलावावर जात नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मावशींना तेल-उटणं लावून न्हाऊ घातलं. मावशी आमच्या टबाकडे नवलाईने बघत होत्या. "ह्यात माणूस मावतो होय," असं म्हणाल्याचं अश्विनीने ऐकलं.

फूल उमललं होतं. त्या चिंचोळ्या बाथरूममध्ये आम्ही चौघं, बायका रेशमी साड्यांत, मी टॉर्च धरून कमोडच्या झाकणावर उभा. वाफेने माझा चष्मा धुरकटला. आईने मंगलाष्टक सुरू केलं. मावशींनी काडी उचलली, फुलापाशी नेली, आणि त्यांचा हात थरथरू लागला. जन्मभर इंजेक्शनं दिलेला हात, पण थांबेना. त्यांनी काडी मागे घेतली. "होत नाही," त्या म्हणाल्या. "वय झालं."

आई मंगलाष्टक अर्धं सोडून पुढे झाली आणि त्यांचं मनगट तिने दोन्ही हातांनी धरलं. "मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही अंतरपाट काढा."

काडी आत गेली, पडदा उचलला गेला. "सावधान," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि मावशींनी अंगठा टेकवला. अश्विनीने अक्षतांची मूठ उचलली तेवढ्यात सिस्टरचा आवाज आला, "तांदूळ नको. फंगस येईल." मग आम्ही जिन्यात जाऊन एकमेकांवर अक्षता टाकल्या.

लग्न फसलं असतं तर फूल एक-दोन दिवसांत गळून पडलं असतं. फूल सुकलं, पण गळलं नाही. मावशींनी आमची बेल वाजवली आणि दारातच सांगितलं, "धरली." आईने साखरेचा डबा काढला आणि समोर येईल त्याचं तोंड गोड करत सुटली. पत्रं घेऊन आलेल्या पोस्टमनच्या तळहातावरही तिने चमचाभर साखर ठेवली. त्याने ती खाल्ली आणि कोणाचं अभिनंदन करायचं ते विचारलं.

व्हॅनिलाच्या शेंगेलाही नऊ महिने लागतात हे कळल्यावर आईला थांबवणं अशक्य होतं. पुण्याला परतण्यापूर्वी तिने वेलीचं डोहाळजेवण केलं, शेंगेजवळ हिरवी बांगडी अडकवली. नंतर तिचा फोन आला की आधी शेंग कशी आहे, मग आम्ही. शेंग तयार झाली हिवाळ्यात. ती गरम पाण्यात बुडवून काढली, हॉस्पिटलच्या जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळली, आणि मग उन्हात वाळवायची वेळ आली. हिवाळ्यातलं वॉटफर्डचं ऊन म्हणजे दिसलं की धावत सुटायचं. मावशी ताटली घेऊन ह्या खिडकीतून त्या खिडकीत पळत. कधी शेंग मांडीवर ठेवून बसच्या उन्हाच्या बाजूला बसत आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येत. हळूहळू ती काळी, चिवट झाली आणि तिचा वास भिंतीतून आमच्या बेडरूममध्ये येऊ लागला, असं निदान अश्विनीचं म्हणणं होतं. चेअरमनसाहेब व्हिजिटिंग अवर्समध्ये हात धुऊन आले. त्यांनी शेंग नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग त्यांनी सोसायटीत व्याख्यान द्यायची विनंती केली. मावशींनी नम्रपणे सांगितलं, "नॉट येट."

शेंग त्यांनी वापरली मात्र नाही. वसंतात आई पुन्हा आली, त्याच आठवड्यात आम्हाला बोलावणं आलं. "लग्नाचं जेवण राहिलंय," मावशी म्हणाल्या.

बाहेर बोचरी थंडी होती. आम्ही कोट घालूनच आत गेलो आणि पाहतो तर बैठकीची खोली उबदार. खालचं हीटिंग चालू होतं. मावशी रेशमी साडीत, ना कोट ना टोपी, अंबाड्यात एक जांभळं ऑर्किड. जेवणं होत आली तेव्हा त्यांनी शेवयांची खीर आणली. झाकण काढल्याबरोबर सगळं घर त्या वासाने भरून गेलं.

"आई डब्यात शेंगा ठेवायची ना," मावशी वाट्या मांडता मांडता म्हणाल्या, "त्या माझ्या लग्नाच्या खिरीसाठी. मी इकडे आले. वॉर्ड, ड्युटी, वर्षं कशी गेली कळलं नाही. तिने पत्रात कधी विचारलं नाही. ती गेल्यावर मी डबा उघडला. भरलेला होता."

माझी आई उठली, तिने वाटीत खीर घेतली आणि पहिला चमचा मावशींच्या तोंडाजवळ नेला, लग्नात घास देतात तसा. मावशींनी डोळे मिटून तो खाल्ला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, 'अजून नाही' ऐकायची सवय झालेले.

"कोरेक," मावशी म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "आईचीच आहे."

आणि वाटी पुढे केली. आईने ती काठोकाठ भरली.