इट्टियाविराच्या वाघाची गोष्ट

१९६१ साली, मीनच्चिल नदीकाठच्या आमच्या गावात, एलियम्मा टीचर शाळेतून निवृत्त झाल्या आणि घराण्यातल्या जुन्या कोड्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसल्या. कोडं असं, की त्यांचे चुलत आजोबा इट्टियाविरा ऐंशीएक वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नाच्या दिवशी पहाटे नदीवर आंघोळीला गेले ते परतलेच नाहीत. काठावर लग्नाचा मुंडू, कोरं पांढरं धोतर, सापडला, नवरदेव नाही.

कादंबरी साप्ताहिकात येऊ लागली. चौथ्या प्रकरणात टीचरनी इट्टियाविराला पोहत पैलतीरी नेलं, होडीवाल्याच्या विधवा बहिणीकडे. दुसऱ्याच दिवशी त्यांचा थोरला भाऊ कुरुविला अंकाची सुरळी करून दारात उभा. त्याच्या मुलीचं, लिस्सीचं, लग्न ठरत आलं होतं.

"एली, हे काय मांडलंयस? मुलाकडचे वाचतात हे! मध्यस्थ विचारत होता, तुमच्यात पळून जायची रीत आहे का म्हणून!"

"अच्चाया, कादंबरी आहे ती."

"असू दे. मारून टाक त्याला."

"आत्ताच? अजून दहा प्रकरणं आहेत!"

"मग हळूहळू मार. पण शूरासारखा. वाघ घाल एखादा."

"आणि ती विधवा?"

"तिला बहीण मानलं होतं म्हण."

आत लिस्सी रडत होती. बघून गेलेला मुलगा, जॉयी, तिला मनापासून आवडला होता. टीचरनी वाघ घातला.

वाघ फारच छान उतरला. फादरनी रविवारी प्रवचनात त्याचा दाखला दिला. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा वार्षिक मेळावा असतो आणि छापील इतिहासही. कुरुविलाने ते प्रकरण जसंच्या तसं इतिहासात घेतलं. मग फादर म्हणाले, मृत्यूची तारीख मिळाली तर दरवर्षी प्रार्थना ठेवू. टीचरनी कादंबरीतली तारीख दिली. अंगणात स्मारकाचा दगड बसला, अप्पम आणि स्टूचं जेवण ठरलं, व्याह्यांना आमंत्रण गेलं.

जॉयीची आजी, मरियक्कुट्टी अम्मच्ची, दगडासमोर बराच वेळ उभी राहिली. मग टीचरना विहिरीमागे ओढत म्हणाली, "वाघ कुठला गं मेला? डोंगरात नाव बदलून वेलची लावली त्यांनी, आणि शहात्तराव्या वर्षी फणस खाऊन गेले. माझे वडील होते ते!"

टीचरनी तिचा हात धरला. "पण पळाले का?"

"मुलगी न दाखवता लग्न ठरवलं होतं. घाबरले. पुढं दोन वर्षांत माझ्या आईशी केलंच, तेही न बघता!"

जन्मभराचं कोडं सुटलं म्हणून टीचर हसल्या, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. चौथ्या पिढीपर्यंत रक्ताचं नातं असलं तर चर्च लग्न लावत नाही. त्यांनी इट्टियाविरा आणि आपले आजोबा या दोन भावांपासून पिढ्या बोटांवर मोजल्या. लिस्सी चौथी, जॉयीही चौथाच.

"अम्मच्ची, फादरना कळलं तर..."

"काय कळणार? छापून आलंय ना? वाघानं खाल्लेल्या ब्रह्मचाऱ्याला पणतू कुठून येणार? चल, स्टू निवतोय."

लग्न थाटात झालं. लिस्सी आणि जॉयीला तीन मुली झाल्या. कुरुविला जिवंत होता तोवर वाघ वाढतच गेला, सात हातांवरून अकरा हातांवर. टीचरनी पुन्हा कादंबरी लिहिली नाही. खरं ठाऊक असलं की हात अडखळतो म्हणायच्या. अम्मच्ची मात्र शेवटपर्यंत दरवर्षी प्रार्थनेला यायची, दगडापाशी मेणबत्ती लावायची आणि डोळे पुसायची.

आम्ही बायका मागे बसून कुजबुजायचो, "म्हातारीला कादंबरी फारच लागली हो!"