पंगताईंचा चंदेरी खिसा

सुनेच्या बाळंतपणासाठी गाओ रूनमेई आपल्या गावाहून नानछांग शहरात आली, तेव्हा तिच्या सामानात दोन कोंबड्या होत्या, वाळवलेल्या मिरच्यांची गोणी होती आणि चांदीच्या धाग्याच्या कापडाचा एक अख्खा तागा होता. तिच्या भाच्याचं गरोदर बायकांच्या कपड्यांचं दुकान बंद पडलं होतं. मोबाइलच्या लहरी अडवणारं म्हणून आणलेलं हे कापड कोणी घेईना, म्हणून त्याने ते मावशीला देऊन टाकलं. रूनमेईला मात्र हातात घबाड लागल्यासारखं झालं.

सून निंग सातव्या महिन्यात होती आणि ऑगस्टमधलं नानछांग म्हणजे नुसती भट्टी. रूनमेईने मुलाला शिवणयंत्र आणायला लावलं आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येणारा चंदेरी एप्रन शिवला. फोनच्या लहरी थेट पोटातल्या बाळापर्यंत पोचतात, हे तिने गावात इतक्या जणींकडून ऐकलं होतं की त्यात शंका घेण्यासारखं काही असेल असं तिच्या मनातही आलं नाही. निंगने दोन-तीन दिवस तो एप्रन सासूचं मन राखायला घातला. मग तिच्या अंगावर घामोळं उठलं आणि ती सासूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. फोनमुळे पोटातल्या बाळाला अपाय होतो असं आजवरच्या अभ्यासात दिसलेलं नाही. संशोधन अजून चालू आहे, ते चालू राहील. पण या उन्हाळ्यात असलं जाड कापड गुंडाळून बसलात आणि पाणी कमी प्यालात, तर त्रास नक्की होईल.

परत येताना निंग खुशीत होती. रूनमेईही खुशीत होती.

"ऐकलंस ना? संशोधन चालू आहे म्हणाल्या," रूनमेई म्हणाली. "शंका असल्याशिवाय कोणी शोधत बसतं का?"

त्या दिवसापासून एप्रन संध्याकाळपुरता राहिला, पण घरातल्या सगळ्या फोनना चंदेरी पिशव्या आल्या. मुलगा हायफंग आपली पिशवी निमूटपणे ऑफिसला घेऊन गेला. सकाळभर साहेब त्याला फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता. संध्याकाळी तो बोलणी खाऊन घरी आला आणि आईसमोर तक्रार करू लागला, तर आईचा चेहरा फुलला.

"बघ बाबा. तुझ्या साहेबाला आत शिरता आलं नाही, तिथे लहरींची काय कथा."

वसाहतीच्या चौकात रोज संध्याकाळी बायकांचा नाच चाले. जवळपासच्या प्रत्येक वसाहतीत असा एक संघ होता. इथल्या संघाच्या प्रमुख पंगताई. उभी हयात बस डेपोत गाड्या सोडण्यात गेलेली, त्यामुळे त्यांच्या एका हाकेवर माणसं रांगेत उभी राहत. रूनमेई गावात चांगली नाचायची, पण इथे ती नवखी, बोली वेगळी, म्हणून तिला शेवटच्या रांगेतला कोपरा मिळाला होता. पुढून कोणाला ती दिसत नसे आणि मागून तिला काही दिसत नसे.

अशात निवासी समितीने फर्मान काढलं. लाउडस्पीकरांच्या तक्रारी फार झाल्या आहेत. सगळ्या संघांची एक स्पर्धा होईल, रहिवासी कौल देतील, आणि जिंकेल त्याच संघाला चौक मिळेल. बाकीच्यांनी उड्डाणपुलाखाली जाऊन नाचावं. उड्डाणपुलाखाली धूळ होती, ट्रक होते आणि सांडपाण्याचा नाला होता. पंगताईंची झोप उडाली. शेजारच्या संघाने म्हणे लाल रेशमी पोशाख शिवायला टाकले होते.

रूनमेई दुसऱ्या दिवशी तागा खांद्यावर टाकूनच चौकात गेली.

पंगताईंनी कापड दिव्याखाली धरलं. "चमकतं बरं. धुतल्यावर विटतं का?"

"विटत नाही. घामानेही काही होत नाही. शिवाय मोबाइलच्या लहरी अडवतं."

"लहरींचं राहू दे गं. लांबून चमकेल का, तेवढं सांग."

मापं घेताना रूनमेईच्या लक्षात आलं की पंगताई फोन कमरेला खोचून नाचतात. गाणी त्या फोनमध्येच होती. तिथून ती बिनतारी लाउडस्पीकरला जात. रूनमेईला या भानगडीची कल्पना नव्हती. तिच्या लेखी गाणं डब्यातून यायचं, म्हणजे ते डब्यातच असणार. तिला दिसली ती फक्त फोनची जागा.

"ताई, हा तर अगदी मूत्रपिंडाला चिकटून बसतोय."

आतापर्यंत हसणाऱ्या पंगताईंनी फोन कमरेतून काढून हातात घेतला. त्यांच्या भावाला मूत्रपिंडाचाच आजार होता. "मग काय करायचं?"

"दुपदरी खिसा देते. वरून झडप, झडपेला बटण."

"तिपदरी होईल का?"

तिपदरी खिशाला कापड कमी पडलं. तेव्हा रूनमेईने जड मनाने सुनेकडे एप्रन मागितला. निंगने तो इतक्या चपळाईने काढून दिला की तेवढ्या वेळात पोटातलं बाळसुद्धा हललं नसेल.

पोशाख तयार झाले ते स्पर्धेच्या दुपारी. त्यामुळे ते घालून सराव करायला सवड राहिली नाही. संध्याकाळी चौकात अख्खी वसाहत जमली होती. शेजारचा लाल रेशमी संघ आधी नाचला. त्यांनी लाउडस्पीकर असा लावला होता की खिडक्यांची तावदानं थरथरली. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेले थांगकाका कानांवर हात ठेवून बसले. नाचाविरुद्धच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी त्यांच्याच होत्या.

मग चंदेरी संघ आला. दिव्यांत पोशाख असे झळाळले की लोकांच्या तोंडून आपसूक दाद गेली. पंगताईंनी गाणं सुरू केलं, ढोल वाजला, झांजा वाजल्या. त्यांनी फोन खिशात सरकवला, बटण लावलं आणि गाणं बंद पडलं.

पंगताईंनी फोन बाहेर काढला. गाणं सुरू झालं. झालं नीट, असं समजून त्यांनी तो परत खिशात घातला. गाणं बंद. पुन्हा बाहेर, पुन्हा ढोल. पुन्हा आत, पुन्हा शांतता. प्रेक्षकांत खसखस पिकली. लाल रेशमी बायका एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या.

मागच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या रूनमेईला अचानक हायफंगचा साहेब आठवला आणि गाणं फोनमधूनच येतं हे तिच्या लक्षात आलं. ओरडून सांगावं, तर चारचौघांत पंगताईंची शोभा. गप्प बसावं, तर उड्डाणपूल. आणि ज्या बायकांनी तिला जेमतेम कोपऱ्यात उभं केलं होतं, त्या उद्या तेवढीही जागा ठेवणार नव्हत्या. नाचासाठी सगळ्यांसारखा तिच्याही हातात घडीचा पंखा होता. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने तो झटक्यात उघडला.

फट्.

मिटला. फट्. तिने पाऊल टाकलं. शेजारणीने तिच्याकडे पाहिलं आणि आपलाही पंखा उघडला. मग तिच्या पुढचीने. बघता बघता सगळ्या रांगांचे पंखे एका तालात उघडू-मिटू लागले आणि कापडी बुटांची पावलं फरशीवर त्यात ठेका धरू लागली. पंगताईंनी क्षणभर मागे वळून पाहिलं, फोनचा नाद सोडला आणि हात वर केला. सगळं आयुष्य रांगा सांभाळलेली बाई ती. तिचा हात जिकडे गेला, तिकडे अख्खी चंदेरी लाट गेली.

चौकात असं काही पूर्वी घडलं नव्हतं. नाच चालू होता आणि माणसांना आपल्या शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. नाच सुरू झाला की खटाखट मिटणाऱ्या वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. एका बाईच्या मांडीवरचं पोर झोपलं होतं, ते झोपलेलंच राहिलं. शेवटचा पंखा मिटला तेव्हा सगळ्यांत आधी उठून टाळ्या वाजवल्या त्या थांगकाकांनी.

कौल मोजावाच लागला नाही. चंदेरी संघाच्या बरणीत मतांची कागदी फुलं मावेनात म्हणून समितीच्या बाईंनी खाली बादली ठेवली. मग त्यांनी माइक पंगताईंपुढे धरला आणि ही कल्पना कशी सुचली म्हणून विचारलं.

पंगताईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "लोकांच्या कानांचा विचार करायला हवा, हे आमच्या मनात फार दिवस होतं," त्या म्हणाल्या.

समितीच्या बाई गेल्यावर मात्र पंगताईंनी रूनमेईचा दंड धरला आणि तिला बाजूला ओढलं.

"खिसा?"

"खिसा," रूनमेई मान खाली घालून म्हणाली.

पंगताईंनी तिचा दंड सोडला. "कोणाला बोलू नकोस. आणि उद्यापासून पहिल्या रांगेत उभी राहा. माझ्या उजव्या हाताला."

दुसऱ्या संध्याकाळी पंगताई नेहमीप्रमाणे लाउडस्पीकर ढकलत चौकात आल्या. तिथे लोक आधीच खुर्च्या टाकून बसले होते.

"ताई, हा डबा कशाला आणलात?" थांगकाकांनी निरागसपणे विचारलं.

काल माइकवर दिलेला शब्द पंगताईंना गिळता येईना. त्यांनी लाउडस्पीकर होता तसा घरी नेला. त्या दिवसापासून चौकात रोज फक्त पंखे वाजतात. पंगताई अधूनमधून रूनमेईकडे असं बघतात की तिला ठोका चुकवायची हिंमत होत नाही. पण तिची जागा पहिल्या रांगेतच आहे, आणि नव्याने येणाऱ्या बायकांना पावलं तीच शिकवते.

निंगला मुलगी झाली. बाळ बघायला थांगकाका खारवलेल्या बदकाच्या अंड्यांची टोपली घेऊन आले. बाळाला पाहून झाल्यावर त्यांनी रूनमेईला वाकून नमस्कार केला. इतकी वर्षं रक्तदाब खाली येत नव्हता, आता झोप लागते आहे, डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली, असं ते सांगू लागले. "सगळी त्या चंदेरी पोशाखांची कृपा," ते म्हणाले.

रूनमेईने हळूच सुनेकडे वळून पाहिलं. "ऐकलंस ना? मी आल्या दिवसापासून सांगत होते. या कापडाने तब्येत सुधारते."

निंगने बोलायला तोंड उघडलं. लहरींबद्दल डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते सगळं तिच्या जिभेवर आलं. मग तिने थांगकाकांकडे पाहिलं. ते अगदी मनापासून मान डोलावत होते.

"सुधारते, आई," ती म्हणाली आणि एक अंडं सोलायला घेतलं.