सुट्टी नसलेली शाळा

"पान एकोणतीस वाच," पौर्णिमा म्हणाली आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

"कालच वाचलं."

"मग तीस वाच."

"ते परवा वाचलं."

रोशनीचं खरं होतं. नऊ वर्षांच्या या मुलीला पौर्णिमा दोन वर्षांपासून घरीच शिकवत होती. सुरुवातीला तो देवळी गावात चर्चेचा विषय होता. वर्ध्यातली शाळेची नोकरी सोडून आलेली ही बाई पोरीला बाजारात नेते, तिच्याकडून वांगी तोलून घेते, जिनिंगच्या फाटकापाशी उभं करून कापसाच्या गाड्यांचा हिशेब करायला लावते, म्हणून लोक वळून पाहायचे. आता मात्र सकाळचे डबे, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल, शेळ्यांचा चारा आणि धुणं यांतून उरलेल्या वेळात पौर्णिमा फक्त पानांचे आकडे सांगत असे. तेही चुकायचे.

तिचा नवरा रुपेश कृषी कार्यालयात लिपिक होता. रात्री जेवताना त्याने विषय काढला.

"नागपूरची ताई सांगून राह्यली, तिच्या शाळेच्या होस्टेलात एका पोरीची जागा खाली आहे. दिवाळीच्या सुट्ट्या संपाच्या आत कळवाचं आहे."

"म्हणजे माझ्याच्यानं होत नाई म्हणता?"

"मी नाई म्हणत. तूच म्हणे ना, शिकवाले बसलं की झोप येते म्हणून."

हे तिने म्हटलं होतं. पण त्याचा अर्थ पोरगी नागपूरला धाडायची असा होईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. 

"सुट्ट्या संपेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "माझा उत्साह कुठं गेला ते पाहते. नाई सापडला तर कळवून टाका."

घरी शिकवणाऱ्या आयांचा मोबाइलवर एक गट होता. तिथे पौर्णिमाने अडचण मांडली. पुण्याच्या एका बाईंनी लगेच उपाय सुचवला, की घरात शाळेचं वातावरण आणा. दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने ओसरीत फळा टांगला, वेळापत्रक चिकटवलं, दाराच्या चौकटीला दोरीने पितळी थाळी बांधली आणि दहाच्या ठोक्याला तिच्यावर लाटणं हाणलं.

एक गोष्ट मात्र ती विसरली. त्याच दिवशी गावातल्या सगळ्या शाळांना दिवाळीची सुट्टी लागली होती. गल्लीतल्या घराघरात रंगकाम निघालं होतं, कढया चढल्या होत्या आणि पोरं पायात येत होती. पौर्णिमाचं घर बौद्धांचं, तिथे चकल्या-अनारशांची घाई नव्हती. त्यातून शाळा घरचीच असल्याने तिला सुट्टीही नव्हती. थाळीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

पहिल्या आल्या शेजारच्या इंदिराकाकू. नातवाला त्यांनी दंडाला धरून आणलं होतं.

"पौर्णिमा, तुही शाळा चालू दिसते. या सुश्रुतले बसव वं तासभर. सकाळपासून माह्या चिवड्यात हात घालून राह्यला."

सुश्रुत बसला आणि बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मॅडम, ढगात एवढं पाणी राह्यते, तर ते खाली काऊन नाई पडत?"

पौर्णिमाला कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. रोशनी विचारायची, पण ते 'आई, माहा फ्रॉक कुठी आहे' या धर्तीचं. पौर्णिमाने चुलीवर पातेलं ठेवलं, वर झाकण धरलं, वाफेचे थेंब दाखवले. आपण उभं राहून शिकवतोय आणि आवाज चढलाय, हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. रोशनी तोंड उघडं टाकून आईकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सुश्रुतची बहीण वेदश्री आली. तिच्या मागून समोरच्या घरातली तिघं आली. दिवाळी झाली, कढया उतरल्या, तेव्हा पोरं आपापल्या घरी राहतील असा पौर्णिमाचा अंदाज होता. पण तोवर कापूस फुटला होता. बायका वेचणीला निघाल्या आणि जाताना वाटेत पोरं ठेवून गेल्या. कुणीतरी विहारातून मोठी सतरंजी आणून दिली. ओसरी भरली, तेव्हा अंगणात वर्ग बसला. गोंगाट वाढला म्हणून रांगा आल्या, रांगा मोडू नयेत म्हणून मॉनिटर आला, मॉनिटर मारतो म्हणून हजेरी आणि शिस्तीचे नियम आले. दुपारी पोरांना भूक लागायची. ते काम आपोआप सासूबाईंकडे गेलं.

धुरपताबाईंनी हंडा घासून काढला आणि त्यात खिचडी टाकली. "तुहा उत्साह सापडला म्हणते तू," त्या सुनेला म्हणाल्या. "तो माह्या चुलीवर काऊन शिजून राह्यला?"

पौर्णिमाने ऐकलं नाही. ती सहावीच्या मुलांना कोन समजावत होती.

शुक्रवारी रुपेश कार्यालयातून लवकर आला, तर घराच्या फाटकापाशी बाया-माणसं ओळीने उभी. त्याला वाटलं, आईचं काही बरंवाईट झालं. धुरपताबाईंचं वय झालं होतं. तो घाईने आत शिरू लागला, तोच गल्लीतल्या मधुकररावांनी त्याचा खांदा धरला.

"लायनीनं या साहेब. आमी काय येडे म्हणून उभे आहो?"

"अहो, हे माहं घर होय."

"असंन. पालकसभा सगळ्यायची आहे."

रुपेश रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा पौर्णिमा खुर्चीवर बसून वह्या तपासत होती.

"पाल्याचं नाव?" मान वर न करता तिने विचारलं.

"रोशनी."

"अक्षर बरं आहे का तिचं?"

"ते तुमाले माहीत असंन, मॅडम."

पौर्णिमाने मान वर केली. मागच्या बाया पदराआड हसल्या. रुपेशही हसला, कारण समोरच्या बाईचे डोळे त्याला कितीतरी दिवसांनी असे लखलखीत दिसत होते.

"सापडला म्हणाचा उत्साह," तो म्हणाला. "ताईले नाई म्हणून सांगतो मंग."

"आत्ताच सांगा," पौर्णिमा म्हणाली आणि उठून अंगणातल्या मुलांची हजेरी घेऊ लागली. रुपेशने तिथेच बाजूला होऊन नागपूरला फोन लावला.

"रोशनी."

"हजर," आवाज आला. आवाज वेदश्रीचा होता. पालक समोर असल्याने पौर्णिमा त्या दिवशी डोळे वर करून हजेरी घेत होती, म्हणून तो कुणाच्या तोंडून निघाला ते तिला दिसलं.

"तू काऊन बोलली? रोशनी कुठी आहे?"

वेदश्रीने भावाकडे पाहिलं. सुश्रुत उभा राहिला. "मॅडम, ते येतच नाई."

"आज?"

"भाऊबीजेपासून."

पौर्णिमा खाली बसली. खुर्ची तिथे नव्हती, ती सतरंजीवर बसली. घरी शिकणारी मुलगी घरातच गैरहजर होती, आणि ते बाईंना माहीत नव्हतं. संध्याकाळी आपण वह्या तपासत असताना पोरगी आजीजवळ जेवते, तिथेच झोपते, एवढंच तिला ठाऊक होतं.

मग ती उठली. स्वयंपाकघर पाहिलं, गच्ची पाहिली, विहिरीतही डोकावली. तिच्या मागे सगळा वर्ग रांगेत फिरत होता. शिस्त इतकी मुरली होती की विहिरीपाशीसुद्धा कुणी रांग सोडली नाही. त्यांच्या मागे पालक आणि सगळ्यांत शेवटी, फोन हातात धरून, रुपेश.

रोशनी मागच्या गोठ्यात सापडली. ती एका शेळीच्या पोटाभोवती दोरी गुंडाळत होती आणि धुरपताबाई शेळीचं तोंड धरून होत्या. भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या, प्रत्येक मागचीपेक्षा थोडी लांब.

"हे काय होय?" पौर्णिमाने विचारलं.

"गाभण आहे हे. रोज किती वाढते ते मोजून राह्यली मी."

"वर्गात काऊन नाई आली?"

"माह्या जागेवर सुश्रुत बसते."

"मग मले सांगाचं होतं ना."

"सांगाले आलती. बोट वर केलं दोनदा. तू म्हणे, ए मागची मुलगी, खाली बस."

 धुरपताबाई शेळीचे कान निरखू लागल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून रुपेश म्हणाला, "आता कायची चिंता नाई बेटा. तुले नागपूरले जा लागत नाई. मी आत्याले नाई म्हणून सांगतलं."

"हो म्हणून सांगा पप्पा," रोशनी म्हणाली. "तिथी रविवारी आई भेटाले येते म्हणे. पूर्ण एक तास."

रांगेत कुणी हललं नाही.  पौर्णिमाने हळूच आपलं बोट वर केलं.

"मी बसू का इथी?"

रोशनीने विचार केला. "बस. पण मधात बोलू नको."

पौर्णिमा गोठ्यात, शेणाच्या कडेला, पदर सावरून बसली. रोशनीने दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"मॅडम, आमी काय करू?" रांगेतून सुश्रुतने विचारलं.

पौर्णिमाने मुलीकडे पाहिलं.

"तुमाले सुट्टी आहे," रोशनी म्हणाली. गोठ्यापुढची रांग पांगायला पळभरही वेळ लागला नाही. पालकांना मात्र पोरं घरी न्यावी लागणार होती, त्यांचे चेहरे उतरले.

रुपेश गोठ्याच्या दाराशी फोन घेऊन उभा होता. "मंग ताईले काय सांगू, हो की नाई?"

"चूप राहा ना जरा," मायलेकी एकदमच म्हणाल्या. "शेळी बिचकते."